सोवळ्यातली गाडी

आमच्या आजीचं सोवळं आणि माझ्या मोटरसायकलची वॉरंटी यांत फरक एवढाच, की आजीला कुणी शिवलं तर ती करवादत आंघोळ करून पुन्हा सोवळ्यात यायची. वॉरंटीला ती सोय नाही. एकदा बाटली की बाटली.

कशानं बाटते याची यादी पुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली असते. बाहेरचा पार्ट लावला, वायरिंगला परका हात लागला, की संपलं. ही पुस्तिका मी वाचली गाडी घेतल्यावर आठ महिन्यांनी. तोवर तीन ओवळ्या वस्तू कुरिअरनं घरात शिरल्या होत्या : धुऊन पुन्हा वापरायचा एअर फिल्टर, एक आखूड सायलेन्सर आणि काडेपेटीएवढी एक काळी डबी.

डबीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पापाचं मूळ तीच. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक मोटरसायकलींमधून कार्ब्युरेटर गेला. कार्ब्युरेटरला एक स्क्रू असायचा. आमचे मिस्त्री जिभेचं टोक दातांत धरून तो अर्धा आटा फिरवायचे, कान देऊन ऐकायचे, पाव आटा मागे घ्यायचे आणि ‘जावा’ म्हणायचे. झालं ट्यूनिंग. आता त्या जागी ईसीयू नावाचा कॉम्प्युटर बसलाय आणि त्याला स्क्रूच नाही. नवी गाडी प्रथम दाखवायला नेली तेव्हा मिस्त्रींनी तिला एक प्रदक्षिणा घातली, स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि चहा सांगितला.

हा ईसीयू सगळं काम वासावर करतो. बेंड पाइपमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाचा धूर हुंगतो. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडलं तर ०.१ च्या आसपास, असा निरोप वर धाडतो. साहेब त्याप्रमाणे इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतात, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात. लक्ष्य एकच, एक ग्रॅम शुद्ध पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे निम्मा कोल्हापूरचा ऊसच आपण टाकीत भरतो. पण उसातला जादा ऑक्सिजनसुद्धा सेन्सर बरोबर ओळखतो आणि साहेब हिशेब जुळवून घेतात. हे १४.७ कुणाला आवडतं? तर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला. इंजिन खरं खुलतं ते तेराच्या आसपास. आणि या सगळ्यावर जो बसतो, त्याला कुणी विचारलेलं नाही. तो लक्ष्मी रोडला दुसऱ्या गिअरवर गचके खात आणि नडग्या शेकत चाललेला असतो.

तर डबीचं काम खोटं बोलण्याचं. सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधोमध ती बसते, कचेरीत साहेब आणि जनता यांच्या मधे पेशकार बसतो तशी. खालून निरोप येतो, ‘सगळं ठीक आहे.’ डबी वर सांगते, ‘साहेब, खाली पेट्रोल कमी पडतंय, ओरड आहे.’ साहेब जागेवरून उठून बघायला थोडेच जातात? इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा राहतो. फक्त पूर्ण रेस दिली, की साहेब वासाकडे लक्ष देत नाहीत, कारखान्यातून पाठ करून आणलेल्या तक्त्यानुसार चालतात. तिथं पेशकाराचंही चालत नाही.

आणि सांगायला लाज वाटते, पण डबीनं काम केलं. गचके गेले. गाडी दुसऱ्या गिअरवर अशी चालायला लागली, जशी सासरी रुळलेली मुलगी. अ‍ॅव्हरेज पस्तिसाचं एकतीस झालं, त्याबद्दल मी घरी बोललो नाही.

सायलेन्सरचं सुख मात्र अल्पायुषी ठरलं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचा फोटो पेपरात आला. बायकोनं तो काही न बोलता माझ्या चहाच्या कपाखाली ठेवला. कंपनीनं गाडी जशी बनवली तशीच ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलेलंच आहे. त्याच संध्याकाळी सायलेन्सर माळ्यावर, आईच्या पितळी घंगाळाशेजारी गेला. डबी सीटखाली असल्यामुळे दिसत नव्हती, आणि माझी सदसद्विवेकबुद्धी दिसेल तेवढ्यावरच चालते.

न्यू जर्सीचा मेहुणा फोनवर म्हणाला, ‘‘त्यात काय एवढं? आमच्याकडे १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला म्हणून नुसती वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टनंच बिघाड झाला हे कंपनीनं दाखवायचं.’’ मी म्हटलं, ‘‘आमच्याकडे पुस्तिका आहे.’’

मग मी आजीचा मार्ग धरला. दर सर्व्हिसच्या आदल्या रात्री गाडीला आंघोळ. सीट काढायची, फिल्टरच्या पेटीचे स्क्रू सोडवायचे, कंपनीचा फिल्टर परत बसवायचा, डबी काढून सेन्सरची वायर थेट जोडायची, मग बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं सोडून ठेवायची. सर्व्हिस झाली की त्याच रात्री हे सगळं उलट. पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च दातांत धरून मी हे करत असताना दुसऱ्या मजल्यावरचे काका बाल्कनीतून विचारायचे, ‘‘काय हो, गाडी विकताय?’’ तोंडात मोबाइल असल्यामुळे मी ‘हूं’ म्हणायचो. त्यांनी दोन गिऱ्हाइकं पाठवली.

तिसऱ्या सर्व्हिसच्या आदल्या रात्री घात झाला. सेन्सरचा कपलर करंगळीच्या पेराएवढा असतो. त्याच्या अंगावर प्लास्टिकची एक जीभ असते, ती नखानं दाबली की तो सुटतो. इंजिनच्या धगीत वर्षभर भाजलेली ती जीभ मी दाबली, आणि ‘टिक्’ असा फार बारीक, फार सभ्य आवाज झाला. जीभ माझ्या नखावर बसली होती. कपलर जागेवर ढकलून मी घरात सापडला तो केबल टाय आवळून बांधला आणि झोपलो.

सकाळी शोरूमच्या अलीकडच्याच सिग्नलला मीटरवर इंजिनचं पिवळं चित्र लागलं.

सर्व्हिसवाला मुलगा पंचविशीचा होता. त्यानं स्कॅनर लावला. ‘‘सर, ओटू सेन्सरचं कनेक्शन तुटतंय.’’ मग वाकून पाहिलं. बराच वेळ वाकूनच होता.

‘‘सर, हा टाय तुम्ही लावलात?’’

‘‘कंपनीतूनच असेल.’’

‘‘कंपनी काळा लावते, सर. हा पांढराय.’’

मग त्यानं फिल्टरच्या पेटीच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. ‘‘सर, वर्षभर वापरलेल्या गाडीचे हे स्क्रू मळलेले असतात. तुमचे...’’ तो सभ्य शब्द शोधत होता. ‘‘तुमचे फारच चकचकीत आहेत.’’

सेन्सर वायरसकट नवा घ्यावा लागला, खिशातून. जॉब कार्डवर लिहिलं होतं : ‘वायरिंग बाहेर हाताळले आहे.’ वर्षभर डबी लावून गाडीचं काडीचंही बिघडलं नव्हतं, जे बिघडलं ते ती काढताना. हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. कार्ब्युरेटरला कपलर नसतो.

वायरिंग बाटलंच होतं, तेव्हा पुढच्या सर्व्हिसला मी काहीच काढलं नाही. डबीसकट गाडी नेऊन उभी केली. त्याच मुलानं सीट उचलली, डबी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

‘‘सर, ही सैल बसलीये, वायर घासेल. बांधून देऊ?’’

बिलात शेवटच्या ओळीत, कन्झ्युमेबल्सखाली : केबल टाय, काळा, २ नग.