स्लायडिंगवाले साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
काचसम्राट, अॅल्युमिनियमभूषण, बीड जिल्ह्याच्या खिडक्यांचे भाग्यविधाते
श्रीमान स्लायडिंगवाले साहेब यांचे सेवेशी,

कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मे महिना चालू आहे, दुपारचे चार वाजलेत आणि आपण बसवून दिलेल्या खिडकीसमोर बसून मी हे लिहितो आहे. कागदावर दोन-चार थेंब पडून अक्षरं फुटली असतील, तर ते अश्रू समजावेत. आपली आठवण निघाली की घाम आणि अश्रू यांत फरक करणं आम्ही सोडून दिलं आहे.

वर पदव्या लिहिताना हात आखडलाच, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या जिल्ह्यात नुसता वाढदिवस आला तरी माणूस चौकातल्या फ्लेक्सवर कार्यसम्राट होतो. आपण तर खरोखर घरोघरी पोचलात. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत कुठल्याही नव्या प्लॉटिंगमध्ये जावं, नळाची पाइपलाइन अजून यायची असते, पण आपली निळी काच आधीच येऊन चमकत असते.

पहिले आभार मापाचे. आमचा हॉल बारा बाय पंधरा. त्याला आपण सहा बाय चारची खिडकी दिलीत, चोवीस चौरस फूट. बिलही चोवीस फुटांचंच केलंत, त्यात एका इंचाची हयगय नाही. मग आम्ही खिडकी उघडली. उजवी काच सरकली ती डावीच्या मागे जाऊन उभी राहिली, डावी सरकवली तर उजवीच्या मागे. कसंही केलं तरी उघडे बाराच फूट. पैसे चोवीस फुटांचे आणि वारा बारा फुटांचा! आमची आई गावाहून आली, तिने एकदा इकडची काच तिकडे केली, एकदा तिकडची इकडे, आणि विचारलं, "खिडकी हाय व्हय ही? मग उघड की सगळी." तिला तंत्रज्ञान कळत नाही, तेव्हा मनावर घेऊ नये.

दिल्लीतल्या काही लोकांनाही ते कळत नाही, असं दिसतं. राष्ट्रीय इमारत संहिता नावाचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात उष्ण-कोरड्या हवेच्या भागासाठी लिहिलंय की खोलीच्या जमिनीच्या एक दशांश तरी क्षेत्र वाऱ्यासाठी मोकळं हवं. आणि वर असा खवचटपणा की खिडकीचा काही भाग न उघडणारा असेल, तर उघडतो तेवढाच मोजायचा. आमच्या एकशे ऐंशी फुटांच्या हॉलला झाले अठरा फूट. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली इको निवास संहिता काढली, तिने तर खिडक्यांची जात लावून गुणपत्रिकाच दिली: दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीला ५० टक्के, तीन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीला ६७ आणि बिजागरीवर उघडणाऱ्या साध्या झडपांच्या खिडकीला ९०. म्हणजे भिंतीतल्या त्याच भोकात जुन्या पद्धतीच्या झडपा असत्या, तर साडेएकवीस फूट वारा आला असता. आपण आम्हाला पन्नास टक्क्यांत पास केलंत. पस्तीसला पास होणाऱ्या पिढीतला मी, माझी तक्रार कशी असेल?

तिसऱ्या रुळावर मच्छरांची जाळी बसवून दिलीत, तेही उपकारच. उरलेल्या अर्ध्या वाऱ्यातला निम्मा ती अडवते. आत आलेले डास मात्र तिच्यामुळे बाहेर जाऊ शकत नाहीत.

आता जरा आमच्या मागासलेपणाबद्दल सांगतो, म्हणजे आपले उपकार किती मोठे ते वाचणाऱ्यांनाही कळेल. केज तालुक्यातलं आमचं जुनं घर माळवदाचं. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि मातीचा थर. रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळपास नाहीतच. एक होती, तिला चार झडपा. खालच्या दोन बंद ठेवायच्या, म्हणजे गल्लीतून जाणाऱ्याला घरातलं दिसत नाही. वरच्या दोन उघड्या, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. रात्री चारही उघडायच्या, कारण मध्ये उभे लोखंडी गज होतेच. झडपा भिंतीच्या आतल्या अंगाला बसवलेल्या, त्यामुळे खिडकीबाहेर भिंतीच्याच जाडीची हातभर सावली फुकट मिळायची. माळवदाला मधोमध एक सवणं. चुलीचा धूर त्यातून वर जायचा आणि उन्हाची तिरीप त्यातूनच खाली यायची. मेच्या दुपारी आजोबा तिथे उघड्या अंगाने घोरत पडायचे. पंखा नव्हता. ती खिडकी करणाऱ्या सुताराचं शिक्षण चौथीपर्यंतही नसेल. त्याच्याकडे कॅटलॉग नव्हता, हीच काय ती उणीव.

आपल्याकडे कॅटलॉग होता. त्यातल्या घराला तिन्ही बाजूंनी काच होती, बाहेर बर्फ पडलेला होता आणि आत एक गोरी बाई लोकरीचा स्वेटर घालून कॉफी पीत होती. ती उन्हासाठी तरसलेली बाई पाहून आपण आमच्या पश्चिमेच्या भिंतीला सहा फुटांची काच दिलीत. काय ती जुळवाजुळव!

पश्चिमच का, असं मी तेव्हा विचारलं, तर आपण म्हणालात, "रोड तिकडं आहे ना सर, एलिव्हेशन उठून दिसलं पाहिजे." बरोबर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर दिसलं पाहिजे, आत राहणाऱ्याचं काय, तो राहतोच. बीड एकोणीस अक्षांशाच्या आसपास. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा ऊन जवळजवळ शिवतच नाही. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तेव्हा तीच खिडकी कोवळं ऊन आत घेते. उन्हाळ्यात मोकळी आणि हिवाळ्यात उबदार, अशी ती दक्षिणेची भिंत आपण कोरी ठेवलीत. तिथे आता टीव्ही आहे. आणि पश्चिमेचं ऊन चार-पाच वाजता इतकं तिरपं येतं की वर दीड-दोन फुटांचा छज्जा असला तरी त्याच्या खालून सरळ आत घुसतं. तिथे उभी झाप, जाळीची भिंत, कडुनिंबाचं झाड, निदान वाळ्याचा पडदा, असं काहीतरी लागतं. आमच्या नशिबी तो दीड फुटी छज्जाही नाही, कारण तो काढल्याने लूक मॉडर्न होतो. पारा बेचाळीसवर गेला की हा मॉडर्न लूक सोफ्याच्या रेक्झिनला इतका चिकटतो की उठताना आवाज येतो.

निळ्या काचेबद्दल मात्र शेजारीपाजारी आपल्याला दुवा देतात. दिवसा बाहेरून आत काही दिसत नाही, हे आपण सांगितलंत ते खरं निघालं. रात्री दिवा लागला की उलटं होतं, हे सांगायचं राहून गेलं असेल. आम्हाला काचेत आमचंच तोंड दिसतं आणि गल्लीला आमचं जेवण. कालची भाजी कशी झाली होती, ते आता समोरच्या काकू सांगतात.

मग वळीव आला. विजा, धूळ, आणि आडवा पाऊस. पश्चिमेचाच. खिडकीच्या खालच्या रुळात आधी वर्षभराची माती होती. तिच्यात कडुनिंबाची पानं, मुंग्यांची मेलेली रांग आणि रबराची निघालेली पट्टी. त्यावर पाणी साचलं, चहा झाला, आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो सभ्यपणे आत आला. रुळाला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं पाडायची असतात म्हणे. आपल्या माणसाने त्या जागी सिलिकॉन भरलं आहे. खालच्या ग्रॅनाइटला उतार आहे, तो घराच्या दिशेने. पाण्याला पाहुण्यासारखं आत बोलावून सोफ्यावर बसवायची ही रीत आपण कुठे शिकलात, ते कळवावं.

काच पुसायची तर पाणी लागतं. ज्या जिल्ह्यात २०१३च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्रसुद्धा पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, तिथे धुतल्याशिवाय दिसत नाही अशी वस्तू घरोघरी विकायला छाती लागते. आणि २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारा पडल्या तेव्हा शेतातली पिकं झोपली, द्राक्षं-मोसंबी गेली. लाकडी झडप असती तर अशा वेळी ती ओढून घेऊन माणूस कडी लावतो. काचेला काय लावायचं?

माझं जाऊ द्या, मी पगारदार माणूस, माझ्यामागे कूलर आहे. मला खरं कौतुक वाटतं ते आपण ऊसतोड कामगाराच्या घरालाही वगळलं नाहीत याचं. आपल्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोचा एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे निघायचं आणि पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने काढायचे. त्या कोपीला खिडकी नसते. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं. म्हणून गावाकडे दोन खोल्या बांधताना त्याला खिडकी हवी असते, मोठी, सगळ्यांना दिसेल अशी. ही हौस त्याची नाही तर कोणाची असावी? आपण ती बरोबर हेरलीत आणि गज नसलेली सरकती काच दिलीत. ग्रिलने लूक जातो.

पुढे दिवाळीला घर रिकामं होतं. मागे राहते ती म्हातारी आणि शाळेतलं एखादं पोर. त्या खिडकीची खिट्टी बोटभर. पल्ला उचलू न देणारी पट्टी बसवलेली नसली, तर तो वर उचलून रुळातून काढता येतो, हे ज्यांना ठाऊक असायला नको त्यांना ठाऊक आहे. म्हणून म्हातारीने खिडकीवर आतून पत्रा ठोकला आहे. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून आणलेल्या पैशांतून चौरस फुटाने घेतलेली काच, तिच्यावर पत्रा. बाहेरून अजूनही निळी चमकते, याची खात्री बाळगा.

आपली बाजूही मांडतो, नाहीतर वाचणारे मला एकांगी म्हणतील. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. दगड-मातीच्या तशाच जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर येऊन हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात जाड भिंतीची धास्ती बसली आणि लोक सिमेंट-सळईच्या घरांकडे वळले, ते योग्यच झालं. मातीची भिंत परत आणा असं मी म्हणत नाही. पण भिंत सहा इंची झाली, तिच्यासोबत तिची सावली गेली, मग छज्जा जास्त बाहेर काढायला हवा होता. सवणं गेलं, तर दारावर झरोका ठेवायला हवा होता. भूकंपाने भिंती पाडल्या, साहेब. झरोके त्याने बुजवले नाहीत.

अरुंद गल्लीत बाहेर उघडणारी झडप येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाला लागते, बाल्कनीत ती अडचण करते, तिथे सरकती खिडकी शहाणपणाची, हेही कबूल. पण आमच्या घराभोवती तिन्ही बाजूंनी मोकळा प्लॉट आहे आणि त्यात बाभळी आहेत. बाभळीच्या कपाळाची आपण घेतलेली काळजी पाहून मन भरून येतं.

लॉरी बेकर म्हणून एक आर्किटेक्ट केरळात होऊन गेले. ते लोकांना सांगत, खिडकी साध्या भिंतीपेक्षा कितीतरी महाग पडते, तेव्हा आधी ती कशासाठी हवी ते ठरवा, आणि नुसता वारा-उजेड हवा असेल तर विटांची जाळी करा. असा माणूस बीडला आला असता तर आपला धंदा बसला असता. देवाची कृपा!

आता एकच विनंती. एखाद्या मेच्या दुपारी चार वाजता आमच्याकडे यावं. चहा करू, पन्हं करू. पंखा बंद ठेवून, आपल्या खिडकीसमोरच्या सोफ्यावर अर्धा तास बसावं. घाई नसावी. काच सरकवावीशी वाटली तर अवश्य सरकवावी, इकडे किंवा तिकडे.

कळावे, लोभ आहे तो तिथेच असावा, वाढू नये.

आपला कृपांकित,
एक भाजलेला गिऱ्हाईक

ता. क. – आमच्या मेहुण्यांचं घर लिंटेलपर्यंत आलं आहे. खिडक्यांसाठी त्यांनी आपला फोन नंबर मागितला. मी लगेच दिला, दहापैकी पाच आकडे.