दाखव की दाखवा?

बाबा भिलाई स्टील प्लांटातून निवृत्त झाले, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही नेहरू नगरात राहायला आलो, आणि त्यांनी एक टीबीची डिस्क घेऊन घरातले सगळे फोटो आणि लग्नाच्या कॅसेटी तिच्यात भरायला घेतल्या. मैत्री बागेतल्या पांढऱ्या वाघापासून माझ्या बारशापर्यंत. एके दिवशी डिस्क म्हणाली, जागा संपली. बाबांनी बेरीज केली, तर जवळजवळ 50 जीबी कमी भरत होते.

"कुणीतरी खाल्ले," बाबा म्हणाले.

चोर मीच शोधला. लिनक्सची ईएक्सटी-फोर पद्धत डिस्क आखतानाच 5 टक्के जागा 'रूट'साठी, म्हणजे यंत्राच्या मालकासाठी, राखून ठेवते. बाकीच्यांनी डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्रणेला हातपाय हलवता यावेत, फाइलींचे फार तुकडे पडू नयेत, हा हेतू. मुख्य डिस्कला हे शहाणपणाचं. फोटोंच्या डिस्कला अडगळ.

"मालकासाठी? मग मालक मीच ना?" बाबांनी विचारलं. आई मटार सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

हा आकडा बदलायला ट्यून-टू-एफएस नावाची आज्ञा आहे. तिची बाराखडी अशी: छोटा एल माहिती दाखवतो, मोठा एल डिस्कचं नाव बदलतो. छोटा एम राखीव टक्के ठरवतो; मोठा एम डिस्क शेवटची कुठल्या फोल्डरवर जोडली होती, ती नोंद बदलतो. माझं बोट शिफ्टवर रेंगाळलं. 'मोठा एम, 1' अशी आज्ञा गेली आणि डिस्कने मुकाट्याने लिहून घेतलं की आपण शेवटी '1' नावाच्या फोल्डरवर होतो. तक्रार नाही, प्रश्न नाही.

"झालं?" बाबा.

"झालं," मी.

जागा होती तेवढीच.

तेव्हा ठरवलं, बाबांसाठी सोपी आज्ञा लिहायची. आतून तीच, वरून मराठी. पहिल्याच शब्दाला अडलो. मी ठेवलं होतं 'डिस्क दाखव'. बाबांनी टाइप केलं 'डिस्क दाखवा'. उत्तर आलं, अशी आज्ञा नाही.

"अरे, ओळख ना पाळख, एकदम अरेतुरे?" प्लांटात हेल्परलाही 'आप' म्हणणारा माणूस! इंग्रजीत हा पेचच नाही. तिथल्या आज्ञेला मानपान नसतो. शेवटी दोन्ही रूपं चालू केली. आई म्हणाली, "पहिल्यांदा दाखवा, ऐकलं नाही तर दाखव." मूळ आज्ञेतही काही हट्टी कामांसाठी 'जबरदस्ती'चा छोटा एफ दोनदा द्यावा लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी सुधारणा थेट प्लांटातून आली. तिथे परमिट हातात आल्याशिवाय यंत्राला हात लावत नाहीत. "आधी काय आहे ते सांग, मग काय होणार ते सांग, मग विचार," बाबा म्हणाले. मी शेवटी 'हो / नाही' ठेवलं.

"'हो' काय, माणूस झोपेतही म्हणतो. तुझी आई बोलत असते तेव्हा मी काय म्हणतो?"

म्हणून 'हो'ऐवजी डिस्कचं नाव लिहायचं ठरलं. त्यासाठी डिस्कला नाव हवं. 'नेहरू नगर' दिलं, तर नुसतं 'नेहरू' उरलं. नावाला जागा 16 बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, 3 बाइट खातं. इंग्रजीला सोळा अक्षरं, आपल्याला पाच. 'भिलाई' मात्र चपखल बसलं: भ, वेलांटी, ल, काना, ई. पंधरा.

आता राखीव टक्के. बाबांना शून्य हवं होतं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "शून्य कशाला? दोन ताटं जास्तीची असू द्यावीत."

पडद्यावर आलं: 'राखीव जागा 5 टक्के आहे, 1 टक्का होईल. पटत असेल तर डिस्कचं नाव लिहा.' बाबांनी चष्मा लावून एकेक चिन्ह शोधत 'भिलाई' लिहिलं. जवळजवळ 40 जीबी मोकळे झाले. उरलेले 10 'रूट'साठी राखीव आहेत, आणि रूट कोण, यावर आमच्या घरात आता वाद नाही.