पन्नास मायक्रोग्रॅमचा पूल

डोंबिवलीकराला पुलाचं अप्रूप सांगायचं नसतं. कल्याणचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला आणि नवा सुरू व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. आमचा कोपर पूल सप्टेंबर २०१९मध्ये बंद झाला, तो २०२१च्या सप्टेंबरात उघडला. त्या काळात आमच्या पूर्वेच्या घरातून पश्चिमेच्या मामीकडे जाण्यापेक्षा तिला फोन करणं सोपं होतं. तेव्हा माझ्या पीएच.डी.च्या प्रथिनाचं नाव ‘ऑस्टिओपाँटिन’, म्हणजे शब्दशः ‘हाडाचा पूल’, आहे हे कळल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं.

नाव १९८६मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ठेवलं आणि ते चपखल आहे. सुमारे ३०० अमिनो आम्लांची ही माळ. तिच्यात एके ठिकाणी ॲस्पार्टिक आम्लाचे मणी ओळीने बसलेत. ते हाडातल्या कॅल्शियमला चिकटतात. पुढे आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल असे तीन मणी लागून येतात, त्यांना पेशी धरते. इकडे खनिज, तिकडे पेशी, मध्ये पूल. हे प्रथिन प्लेटच्या खळग्यांत सारवायचं आणि वर किती पेशी चिकटतात ते मोजायचं, एवढंच माझं काम.

एका शुक्रवारी परदेशातून मागवलेली या प्रथिनाची व्हायल ठाण्याच्या वितरकाकडे पोचली. आमची मुंबईतली प्रयोगशाळा सोमवारपर्यंत बंद. “ठाणे तुझ्या वाटेवरच आहे, घेऊन जा आणि सोमवारी आण,” मॅडम म्हणाल्या. वितरकाकडच्या पोऱ्याने माझ्या हातात एक फुगीर पाकीट ठेवलं. आत करंगळीच्या पेराएवढी व्हायल आणि एक घडी घातलेला कागद.

“बर्फ?” मी विचारलं.

“नाही साहेब, हे असंच येतं.”

एम.एस्सी. झालेल्या माणसाला ‘असंच येतं’ हे उत्तर पटत नाही. प्रथिन म्हटलं की थंडी हवी, हे मला पाठ होतं. मी तडक मासळी बाजार गाठला. तिथल्या मावशींनी एक वापरलेला थर्माकोलचा डबा आणि त्यात खच्चून बर्फ दिला. “किती किलो ठेवायचंय?” त्यांनी विचारलं. पन्नास मायक्रोग्रॅम, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला गाडीत चढणं हे नुसतं रिकाम्या हाताने करायलाही पुण्य लागतं. मी डब्यासकट चढलो. कळव्यापर्यंत डब्यातून गळणाऱ्या पाण्याने शेजारच्या गृहस्थांचा बूट भिजला. त्यांनी हुंगलं.

“पापलेट?”

“नाही हो, प्रथिन आहे.”

“तेच ते. काय भावाने मिळालं?”

प्रश्न रास्त होता. उभ्या उभ्याच पाकिटातला तो कागद काढला आणि डब्यावर ठेवून त्याच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. व्हायलची किंमत करबिर धरून माझ्या महिन्याच्या फेलोशिपएवढी, ३७,००० रुपये. ती फेलोशिप दर महिन्याला येत नाही, हा भाग वेगळा. एका ग्रॅममध्ये अशा २०,००० व्हायली. म्हणजे ग्रॅमला ७४ कोटी आणि दहा ग्रॅमच्या तोळ्याला ७४० कोटी! मी आकडा त्यांना दाखवला. दिव्याला ते उतरले. बहुधा त्यांचं स्टेशन नव्हतं.

घरी दार उघडल्याबरोबर आई दोन पावलं मागे सरकली. आमच्याकडे सात पिढ्यांत मासे शिजलेले नाहीत. वास डब्याचा आहे, आतला माल शुद्ध आहे, हे समजावताना मी नको तेवढं शास्त्र सांगून बसलो. जिवाणूंना या प्रथिनावर फॉस्फेट चढवता येत नाही, म्हणून माणसाचा जनुक उंदराच्या पेशीत घालून ते बनवतात.

“उंदराच्या? आणि माझ्या फ्रीजमध्ये?”

“तसं ते आपल्या हाडांत असतं. लघवीत असतं. आईच्या दुधातसुद्धा असतं.”

“मग सदतीस हजार कशाला घातलेस? ते तुला मी फुकट दिलंय.”

याला उत्तर नव्हतं. व्हायल मटारांच्या पिशवीमागे गेली. शनिवारी समोरच्या काकू गुडघा धरून आल्या. हाडाचं औषध फॉरेनहून आल्याची बातमी जिन्याने गेली होती. हे औषध नाही, पाकिटावर ‘केवळ संशोधनासाठी’ असं छापलंय, असं मी सांगितलं. “करा की मग माझ्यावर संशोधन,” म्हणाल्या आणि चहा होईपर्यंत बसल्या. आमचा फ्रीज नो-फ्रॉस्ट. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच गरम होतो, हे आठवल्यावर त्या रात्री मी दर दोन तासांनी उठून मटार चाचपत होतो. रविवारी तर दोन तास वीजच गेली. मग पुन्हा बर्फ, पुन्हा तोच डबा.

सोमवारी प्रयोगशाळेत व्हायल दिव्यासमोर धरली. आत काहीच नव्हतं. कणभरसुद्धा नाही. झाकण उघडून पाहिलं, रिकामी. आई हिंगाची डबी ठोकते तशी उपडी करून टेबलावर ठोकली. मग झाकण कचऱ्यात भिरकावून ठाण्याला फोन लावला आणि रिकामी व्हायल विकल्याबद्दल त्या पोऱ्याला जे बोलायचं ते सगळं बोललो. त्याने ऐकून घेतलं.

“साहेब, कागद वाचलात का?”

कागद मॅडमच्या हातात होता. त्यांनी आधी मागची बाजू पाहिली. “हे ७४० कोटी कसले?” मग पुढची बाजू मोठ्याने वाचली. सुकवलेल्या प्रथिनाचा थर डोळ्यांना दिसेलच असं नाही. तो झाकणालाही चिकटलेला असू शकतो, म्हणून उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी. मग पूड अर्धा मिलिलिटर द्रावणात विरघळवावी. थंडी विशेष जपायची ती त्यानंतर. कोरडी पूड साध्या तापमानाला पाठवली जाते.

व्हायलच्या भिंती धुऊन जे हाती आलं, त्यात ९६ खळग्यांच्या प्लेटमधले जेमतेम ११ सारवून झाले. बाकीचा पूल कचऱ्याच्या डब्यात होता.

दुसरी व्हायल तीन महिन्यांनी आली. मे महिना होता. त्याच पोऱ्याकडून घेतली, आधी त्याची माफी मागितली, आणि शर्टाच्या खिशात टाकून आणली. तिच्यातलं प्रथिन उत्तम निघालं. पेशी गच्च चिकटल्या. थर्माकोलचा डबा अजून आमच्या गॅलरीत आहे. आईने त्यात कढीपत्ता लावलाय, पण पानं फोडणीला घालत नाही.