सर्व्हरसाहेब, जरा दम धरा

माजघरातल्या कपाटावर विराजमान सर्व्हरसाहेब यांस,

शिरसाष्टांग दंडवत, विनंती विशेष.

आपल्या तत्परतेचं कौतुक करावं तेवढं थोडं. लाईन गेली की यवतमाळात माणसं ओट्यावर येऊन बसतात आणि आली की सावकाश उठतात. आपण मात्र अर्ध्या मिनिटात उभे! राउटर दिवे मिचकावतोय, छत्रीचा सिग्नल घरच्या नेटवर्कवर चढवणारा ट्यूनर डोळे चोळतोय, तोवर आपली हाक मारून झालेली असते, 'ट्यूनर आहे का कोणी?' उत्तर कोण देणार? मग आपण दप्तरी नोंद करता, ट्यूनर शून्य. नवरदेव पारावर असतानाच 'लग्न मोडलं' म्हणून मांडवातून परतणारा पाहुणाही एवढा वक्तशीर नसतो.

दुसरी हाक न मारण्याचा आपला स्वाभिमान तर वंदनीयच.

आमची शकुंतला यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची. ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. घाई तिला कुणी शिकवली नाही. पण फलाटावर एक नजर टाकून 'उतारू नाहीत' म्हणत ती कायमची बसून राहिली, असं काही ऐकिवात नाही.

आपली प्रकृती विचारावी, तर हिरव्या अक्षरांत उत्तर येतं, 'ॲक्टिव्ह, रनिंग'. एवढं ठणठणीत आरोग्य आणि पडदा काळा! धन्य आहात.

आजीला सह्याद्रीच्या बातम्या लागतात, त्याही तिच्याच खोलीत. छत्री एक, खोल्या तीन, म्हणून तर आपली प्रतिष्ठापना केली. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. २०१५ साली सोडलेला जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर, इमानेइतबारे काम करतोय. तिथून सह्याद्री आमच्या गच्चीपर्यंत बिनबोभाट पोचतं. गच्चीपासून आजीच्या खोलीपर्यंतचे वीस फूट तेवढे आपल्या कृपेवर. "हा डब्बा रोज मरते अन् रोज जन्मते," असं ती म्हणते. आपण मनावर घेऊ नये, जुनं माणूस आहे.

काळाच्या बाबतीत तर आपण योगीच. पोटात घड्याळाचा सेल नाही, त्यामुळे लाईन दोन तास नसली तर नेट येईपर्यंत आपल्या लेखी ते दोन तास घडलेलेच नसतात. सात वाजता रेकॉर्डिंग लावलेलं असतं, आपल्या घड्याळात पाच. पुढे नेट येतं, घड्याळ टुणकन उडी मारतं आणि कार्यक्रम त्या उडीखाली गडप.

आपल्या सेवेत रात्री जागलो, हे माझं भाग्य. आपल्या पोटातल्या सगळ्या सेवांना क्रमानं उठवणाऱ्या सिस्टिमडीला विनवलं, साहेबांना 'नेटवर्क'नंतर उठवा. कळलं ते असं की त्या शब्दाचा अर्थ नेटवर्कचं कार्यालय उघडलं एवढाच, बाबू खुर्चीवर आहे की नाही याची हमी नाही. मग 'नेटवर्क-ऑनलाइन' लिहिलं. त्यानं आपल्याला पत्ता मिळाल्याची खात्री झाली. ट्यूनरला मिळाला का, ही चौकशी आपल्या घराण्याच्या रीतीत बसत नसावी. शेवटी राउटरमध्ये ट्यूनरचा पत्ता कायमचा बांधला आणि आपल्या उठण्याआधी एक ओळ घातली, ट्यूनरला पिंग करत राहा, 'ओ' आली तरच पुढे. तर ९० सेकंदांची मुदत संपली म्हणून सिस्टिमडीनं आपल्यालाच घरी पाठवलं! (खरं सांगतो, तेव्हा मला जरा बरं वाटलं.) मुदत ३०० सेकंद केली आहे. पाच मिनिटं आपल्यासारख्या कर्तबगारांना जड जातील, पण सोसावं.

आपला आज्ञाधारक,
रीस्टार्टच्या बटणावर बोट ठेवून असलेला

ता. क. आत्ताच लाईन आली. आजी विचारते आहे, "उठला काय रे तुहा सायेब?" ट्यूनर उठला की उठतील, असं सांगितलं आहे.