काटा हलतोय ना?

पूर्वी आपल्याकडे टीव्ही लावण्याआधी काटा बघायची पद्धत होती. टीव्हीखाली किंवा फ्रिजच्या डोक्यावर स्टॅबिलायझर नावाचा एक जड, घुमणारा डबा असे आणि त्याच्या दर्शनी भागावर काचेमागे एक काटा. घरातल्या कर्त्या माणसाने चष्मा कपाळावर चढवून तो वाचायचा, "एकशेसत्तर. थांबा जरा," असा निकाल द्यायचा आणि छायागीताची वेळ टळत चालली तरी सगळ्यांनी निमूट थांबायचं. आमच्या आईचा त्या काट्यावर पंचांगाइतका विश्वास होता.

आता घरात मोजणारी यंत्रं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण काटा एकाही यंत्रात नाही. वाण्याकडचा वजनकाटासुद्धा नावालाच काटा उरलाय. संगणकाची तर कमालच आहे. सेकंदाला अब्जावधी हिशेब करतो म्हणतात, पण बाहेरून पाहावं तर टेबलाखाली थंड बसलेला. फार तर पंख्याचा आवाज वाढतो, आणि तो धुळीनेही वाढतो.

देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरी भाच्याने नवा संगणक जुळवला, तेव्हा त्याची तक्रार नेमकी हीच होती. "मामा, एवढा महाग प्रोसेसर घेतला, पण तो काम करतोय की झोपलाय, कळतच नाही." कॅबिनेटला एका बाजूने काच होती, आत इंद्रधनुष्यी दिवे होते. दिवे मात्र काम असो नसो, सारखेच नाचत.

मग काम दाखवायला काटाच बसवायचं ठरलं. त्याची पहिली नजर माळ्यावरच्या स्टॅबिलायझरवर गेली. पण त्यातला मीटर तीनशे व्होल्टचा आणि संगणकाला जोडायच्या आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डाच्या पिनेवर व्होल्ट फक्त पाच. काटा जागचा हलता ना. मग कपाटावरचा मुका कॅसेट डेक खाली उतरला. त्याला दोन व्हीयू मीटर होते, एक डाव्या आवाजाचा, एक उजव्या. उणे वीस ते अधिक तीन अशी मोजपट्टी आणि शून्याच्या पुढे लाल पट्टा. या मीटरांना काट्याचा पूर्ण झोका घ्यायला अँपिअरचा काही दशसहस्रांश प्रवाहसुद्धा पुरतो.

आतली करामत साधी आहे. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला काटा आणि मागे ओढणारी केसासारखी स्प्रिंग. प्रवाह वेटोळ्याला पुढे ढकलतो, स्प्रिंग मागे खेचते आणि दोघांचं जिथे जमतं तिथे काटा उभा राहतो. फ्रान्सच्या दार्सोनव्हाल यांनी १८८२च्या सुमारास हे रूप पुढे आणलं आणि अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी त्याच दशकात त्याला कारखान्यात वापरता येईल असं सुटसुटीत केलं. आणि हे सगळं इतिहासजमा झालंय असं समजू नका. कॅम्पातून लॅम रोडने निघून नाशिक ओलांडलं की सातपूर. तिथे १९८२ साली स्थापन झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स आजही काट्याचे पॅनल मीटर बनवते आणि परदेशी पाठवते. २०११ साली या कंपनीने पोलंडची लुमेल ही मोजयंत्रांची जुनी कंपनीच विकत घेतली. नाशिकची द्राक्षं बाहेर जातात हे आपण कौतुकाने सांगतो. काटेही जातात, ते कुणी सांगत नाही.

मला या जोडणीतली एक गोष्ट फार आवडली. आर्डुइनोच्या त्या पिनेला मधलं काही ठाऊकच नसतं. पाच व्होल्ट, नाहीतर शून्य. मग काटा निम्म्यावर कसा उभा करायचा? तर पीन सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करायची आणि निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद ठेवायची. काट्याला वजन आहे, इतक्या लगबगीने त्याला पळता येत नाही. तो सरासरी काढतो आणि निम्म्यावर स्वस्थ उभा राहतो. टोकाची दोनच मतं असलेल्या यंत्राकडून मध्यममार्ग काढून घ्यायचा, तर समोर असाच कुणीतरी संथ लागतो. व्हीयू मीटरचा हा संथपणा तर ठरवून आणलेला आहे. १९३९ साली अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी आणि बेल लॅब्जने मिळून त्याचा नियम केला, तेव्हा काट्याने शून्याच्या खुणेपर्यंत पोचायला ३०० मिलिसेकंद घ्यावेत असं ठरलं. आवाजाच्या प्रत्येक टोकामागे धावून उपयोग नाही, कानाला जाणवेल तेवढंच दाखवायचं.

भाच्याने तबकड्यांवर कागद चिकटवून डाव्या मीटरखाली "काम" लिहिलं, उजव्याखाली "ताप". आईला दोन्ही समजावून सांगावे लागले नाहीत. तेव्हापासून ती येता-जाता कॅबिनेटकडे बघून विचारते, "काटा हलतोय ना?" इथल्या तोफखान्याचा सराव सुरू झाला की तावदानांबरोबर काटाही किंचित थरथरतो. "बघ, तुझा संगणक तोफेला घाबरतो," हा तिचा निष्कर्ष.

मी त्याच संगणकावर लिहितो. शब्द जुळवताना घाम फुटावा, परिच्छेद तीनदा फिरवावा, तरी "काम" शून्याला टेकलेलं. आणि मांजर नळाखाली आंघोळ करतंय अशी चित्रफीत लावली की काटा निम्म्यावर. एका मंगल कार्यालयाची वेबसाइट उघडली तर थेट लाल पट्ट्यात. साहित्याला संगणक किती मोजतो, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला आजवर कुठल्या समीक्षकाने दिलेलं नाही. कधी आपण काहीच करत नसताना काटा मुकाट्याने चढतो. कळतं की आत कुणीतरी न विचारता अपडेट उतरवतंय.

कॅबिनेटवर मोजमाप दाखवायची हौस नवी नाही. नव्वदीच्या सुरुवातीच्या संगणकांवर टर्बोचं बटण आणि शेजारी हिरवा-लाल आकडा असे, तेहतीस किंवा सहासष्ट. लोक तो आकडा अभिमानाने दाखवत. तो बहुतेकदा काहीच मोजत नसे. जोडणाऱ्याने मागच्या बाजूच्या जम्परच्या टोप्या बसवून जो ठरवला, तोच दिसे. १९९५ साली आलेल्या बीबॉक्स नावाच्या यंत्राने मात्र प्रामाणिकपणा केला. त्याच्या दोन प्रोसेसरांवरचा भार दर्शनी बाजूच्या दिव्यांच्या दोन रांगांतून खरोखर चढता-उतरता दिसे. ते फारसं खपलं नाही.

आमच्या काट्यालाही प्रोसेसर प्रत्यक्ष दिसत नाही, हे कबूल. प्रोग्राम सांगेल तिथे तो जातो. शिवाय तोच भार पडद्याच्या कोपऱ्यात टक्क्यांत, अधिक अचूक मिळतो. पण त्रेसष्ट टक्के वाचून काही कळत नाही. आत्ता वाढतंय की उतरतंय, दमलंय की सावरलंय, हे काट्याच्या चालीवरून मान न वळवताच कळतं. अचूकतेसाठी आकडा ठेवा. सोबतीला काटाच बरा, हे माझं मत आता पक्कं आहे.

तेव्हा माळा आवरताना जुना डेक किंवा अॅम्प्लिफायर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्याआधी त्यातला मीटर काढून घ्या. तपासायला थेट सेल लावू नका, वेटोळं जळू शकतं. पेन्सिल सेल आणि शंभर किलोओहमचा रेझिस्टर मधे घेऊन सुरुवात करा, काटा हललाच नाही तर हळूहळू खाली उतरा. शून्यावर बसत नसेल आणि काचेखाली छोटा स्क्रू असेल, तर तो जपून फिरवा. आणि रिक्षातून नेणार असाल तर मीटरची दोन्ही टोकं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून ठेवा. धक्क्याने वेटोळं हललं की त्यातच प्रवाह तयार होतो आणि तोच त्याला आवरतो, त्यामुळे खड्ड्यांतून जाताना काटा आपटत नाही.