पुढच्या भागात कोण? मावळप्रांतीय अटकळशास्त्राची रूपरेषा

चित्रपट पाहून झाल्यावर त्यावर बोलणं याला समीक्षा म्हणतात. चित्रपट निघण्यापूर्वी, किंबहुना तो निघणार की नाही हे ठरण्यापूर्वी, त्यावरून भांडणं याला मात्र शास्त्रात अद्याप जागा मिळालेली नाही. वास्तविक या दुसऱ्या उद्योगात समीक्षेपेक्षा जास्त माणसं गुंतलेली असतात आणि चहाही जास्त खर्ची पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध. विषय अफाट असल्यानं अभ्यासक्षेत्र तळेगाव ते खंडाळा एवढंच ठेवलं आहे. घाटाखालच्या विद्वानांनी राग मानू नये.

१. व्याख्या

महानायकाच्या चित्रपटाचा पुढचा भाग येणार अशी कुणकुण लागल्यापासून तो पडद्यावर येईपर्यंत, त्यातल्या नटांविषयी किंवा कथेविषयी छातीठोकपणे केलेलं आणि पुराव्यावाचून न अडणारं विधान म्हणजे अटकळ. तिचे दोन प्रकार. ‘अमुक भूमिका कोण करणार’ ही पात्र-अटकळ आणि ‘शेवटी काय होणार’ ही कथा-अटकळ.

भारतीय कथा-अटकळीचं सुवर्णयुग १० जुलै २०१५ रोजी सुरू झालं आणि २८ एप्रिल २०१७ रोजी संपलं. या पावणेदोन वर्षांत कटप्पानं बाहुबलीला का मारलं, हा एकच प्रश्न लग्नाच्या पंगतीपासून पारापर्यंत चर्चेला होता. ‘बाहुबली’चा दुसरा भाग आला, उत्तर मिळालं आणि कितीतरी विद्वान एका शुक्रवारात बेकार झाले.

२. विद्यापीठ

मावळातल्या या शास्त्राचं मुख्य विद्यापीठ म्हणजे पुणे-लोणावळा लोकल. शिवाजीनगरला गाडीत चढलेली अटकळ चिंचवडपर्यंत शंका असते. तळेगावला तिचं मत होतं, कामशेतला ज्ञान होतं आणि मळवली येईतो सांगणाऱ्याचा मामेभाऊ त्याच चित्रपटाच्या सेटवर कामाला लागलेला असतो. लोणावळ्याला गाडी रिकामी होते, म्हणून केवळ हे ज्ञान तिथे थांबतं. लोकल कर्जतपर्यंत धावती, तर मामेभाऊ दिग्दर्शक झाला असता.

३. प्रमाणविचार

आपल्या न्यायदर्शनानं ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत. अटकळशास्त्राला ती जशीच्या तशी लागू पडतात.

*प्रत्यक्ष.* ट्रेलर थांबवून, मोबाइलची काच अंगठ्या-तर्जनीनं ताणून, मागच्या धुरात दिसणारी आकृती ओळखणं. आकृती जितकी अस्पष्ट, तितकी ओळख पक्की.

*अनुमान.* धूर तिथे अग्नी, तसा इन्कार तिथे भूमिका. ‘स्पायडरमॅन : नो वे होम’मध्ये आपण नाही, असं पूर्वीचा स्पायडरमॅन अँड्र्यू गारफिल्ड मुलाखतीमागून मुलाखतीत सांगत राहिला. डिसेंबर २०२१मध्ये चित्रपट आला आणि त्यात गारफिल्ड हजर! तेव्हापासून नटानं ‘हो’ म्हटलं तर तो आहेच आणि ‘नाही’ म्हटलं तर तो नक्कीच आहे, असा नियम रूढ झाला. याच प्रमाणाचा जागतिक उत्सव २६ मार्च २०२५ रोजी झाला. ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ची नटमंडळी जाहीर करण्यासाठी मार्व्हलनं पाठीवर नावं लिहिलेल्या खुर्च्या एकेक करून दाखवल्या. हा कार्यक्रम पाच तासांहून अधिक चालला आणि जगभरच्या लोकांनी तो डोळ्यांची पापणी न लववता पाहिला. रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बसण्याची विद्या मावळाला ग्रामपंचायतीमुळे अवगत आहेच. त्यामुळे इथल्या अभ्यासकांना हे प्रकरण जड गेलं नाही.

*उपमान.* मागच्या खेपेला झालं तेच याही खेपेला होणार, असं मानणं. २०२१मध्ये ‘वांडाव्हिजन’ मालिका चालू असताना मेफिस्टो नावाचा सैतान ‘पुढच्या भागात नक्की’ येणार होता. तो त्या मालिकेत आलाच नाही. पुढे जे जे निघालं, त्या प्रत्येकात त्याची वाट पाहिली गेली. अखेर २०२५मध्ये, लोकांनी नाद सोडल्यावर, तो ‘आयर्नहार्ट’मध्ये उगवला. चार वर्षं चुकलेली मंडळी त्या दिवशी म्हणाली, “बघ, मी काय म्हणत होतो!” अटकळ चुकत नसते, तिला उशीर होतो, हे सूत्र यातून सिद्ध झालं.

*शब्द.* म्हणजे आप्तवाक्य, आणि इथे लोणावळ्याची बरोबरी कोणी करू शकत नाही. मुंबईहून पुण्याला जाणारा प्रत्येक नट कुठेतरी चहाला थांबतोच. तो दिसला की आधी त्याची दाढी पाहतात. गुळगुळीत असेल तर ओळख पटूनही कोणी फारसं विचारत नाही. टोकदार आणि गालावर कोरलेली असेल, तर चिक्कीचं पाकीट बांधायच्या आत बातमी बाजारपेठेत पोचते : ऐतिहासिक करतोय! सोबत मिशांना पीळ असेल तर सरदार आणि नजर करडी असेल तर मोगल. गाडीतून उतरताना लंगडत असेल तर घोडेस्वारी शिकतोय. यास आम्ही ‘दाढीप्रमाण’ असं पाचवं प्रमाण मानण्याची शिफारस करत आहोत.

४. मावळी सिद्धांत

आता मुख्य प्रमेयाकडे येऊ. अमेरिकी महानायकाचा चाहता कथेचा अंदाज बांधतो, कारण त्याला शेवट माहीत नसतो. मावळातल्या माणसाचे महानायक खुद्द मावळातले आणि त्यांचा शेवट त्यानं चौथीतच पाठ केलेला. राज्य मंडळाचं चौथीचं इतिहासाचं पुस्तक हे महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं गुपितफोडं आहे. अफजलखानाचं काय झालं आणि शाहिस्तेखानाची किती बोटं गेली, हे दहा वर्षांच्या पोराला विचारा. अशा माणसासमोर कथा-अटकळ लढवणार कशी?

म्हणून मावळी विद्वत्तेचा सारा ओघ पात्र-अटकळीकडे वळला. दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांचं ‘शिवराज अष्टक’ हाती घेतलं, तेव्हा या शास्त्राला राजाश्रय मिळाल्यासारखं झालं. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३)... एक चित्रपट उतरतो न उतरतो तोच पुढचा कोणत्या गडावरचा आणि त्यात कोण कोण, यावर पैजा लागू लागल्या. काय होणार हे ठाऊक असल्यानं सगळं लक्ष कोण करणार याकडे. पाचही चित्रपटांत महाराज चिन्मय मांडलेकरांनीच केल्यामुळे मुख्य जागेवर वादाला वाव नव्हता. तेवढी कसर बाकीच्या सरदारांवर भरून निघाली.

५. बहुविश्व

मेलेला नायक दुसऱ्या विश्वातून परत येतो, ही कल्पना मार्व्हलनं अलीकडे मोठा गाजावाजा करून मांडली. ‘एंडगेम’मध्ये २०१९ साली मेलेला आयर्नमॅन, म्हणजे रॉबर्ट डाउनी, जुलै २०२४मध्ये डॉक्टर डूम म्हणून जाहीर झाला आणि जग हादरलं. या संदर्भात लोकलमधला एक संवाद नोंदवणं अगत्याचं आहे.

“काका, डाउनी या वेळी व्हिलन आहे.”

“कोण, तो लोखंडी? तो मेला ना रे?”

“मेलाच. पण आता वेगळं कॅरेक्टर.”

“मग त्यात काय एवढं! पुरकर नाही का, पावनखिंडीत पडले अन् दीड वर्षानं सिंहगडावर परत पडले!”

काकांचा मुद्दा बिनतोड आहे. अजय पुरकर फेब्रुवारी २०२२मध्ये बाजीप्रभू होते आणि ऑगस्ट २०२३मध्ये तानाजी. कोणी खुलासा मागितला नाही. त्याआधी २०२०च्या हिंदी चित्रपटात तानाजी होता अजय देवगण, म्हणजे तानाजी कोणत्याही विश्वात असला तरी त्याचं नाव अजयच. त्याच चित्रपटात महाराज झालेले शरद केळकर हे हिंदी बाहुबलीचा आवाज. अमोल कोल्हे तर आधी मालिकेत शिवाजी महाराज झाले आणि मग दुसऱ्या मालिकेत संभाजी महाराज. वडील आणि मुलगा एकाच माणसात सामावण्यासाठी हॉलिवूडला तीन चित्रपट आणि एक कालयंत्र लागलं असतं. आपल्याकडे फक्त वाहिनी बदलावी लागली.

६. प्रयोगशाळा

सिद्धांत प्रयोगावर तपासावा लागतो. त्यासाठी दिवाळीत कोणत्याही अंगणातला मातीचा किल्ला पाहावा. गडावर गव्हाचं किंवा अळिवाचं हिरवं रान उगवलेलं. माथ्यावर सिंहासनावर महाराज, बुरुजापेक्षा उंच. हात मोडलेला मावळा असतो, त्याला लगेच तानाजी करतात आणि त्याचं मोडणं कारणी लावतात. मावळे कमी पडले की महादरवाज्याच्या पहाऱ्याला स्पायडरमॅन येतो, तटावर हल्क. मोठ्यांनी हरकत घेतली तर पोरं सांगतात, “त्याला फितवलाय आपण.” दोन विश्वांचा करार इतक्या थोडक्यात आणि वकिलाविना कोणत्याही निर्मितिसंस्थेला जमलेला नाही.

७. आक्षेप, उत्तर आणि निवेदन

पूर्वपक्ष म्हणतो, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अटकळ चुकली म्हणून कोणाचं बिघडतं? उत्तरादाखल उंबरखिंडीचं उदाहरण देतो. फेब्रुवारी १६६१मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याहून कोकणात उतरायला निघाला, तो साधारण आजच्या लोकलच्याच वाटेनं. बोरघाट सोडून लोणावळ्याजवळून आडवाटेनं उतरलं तर शिवाजीला पत्ता लागणार नाही, ही त्याची कथा-अटकळ. खिंडीत दोन्ही बाजूंच्या झाडीतून बाण सुटले, तेव्हा ती किती चुकली हे त्याला कळलं. सोबतची सरदारीण रायबागन एकटीच शहाणी निघाली. तिनं शरण जायचा सल्ला दिला आणि खानानं तो ऐकला. सामानसुमान आणि खंडणी तिथेच ठेवून फौज सुटली. चुकीच्या अटकळीचा एवढा भुर्दंड मावळ-कोकणाच्या सीमेवर पुन्हा कोणी भरल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून निर्मात्यांना विनंती की, पावनखिंडीला तिच्या नावाचा चित्रपट मिळाला, आता उंबरखिंडीचाही नंबर लावावा. घाट इथेच आहे, पाऊस फुकट आहे आणि खिंडीच्या पायथ्याशी, चावणी गावाजवळ, विजयाचं स्मारकही उभं आहे. रायबागनच्या भूमिकेची चिंता नको. ती कोणी करायची हे कामशेतच्या पुढे एकमतानं ठरलेलं आहे. नाव मळवलीच्या आत विचारावं.