पाणी अडवा, सायकल चालवा

जयपूरजवळच्या रामगढ धरणाचं व्हावं तेवढं कौतुक झालेलं नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. धरणं काय, गल्लोगल्ली असतात. पण ज्या पात्रात एकेकाळी आशियाई स्पर्धेच्या नावा पळाल्या, त्याच पात्रात आज सायकली पळू शकतात, असं बहुपयोगी धरण दुसरं दाखवा! 1982 सालच्या दिल्ली एशियाडमध्ये रोइंगचा पहिल्यांदा समावेश झाला आणि त्या शर्यती घ्यायला दिल्लीकर इथे रामगढच्या तलावावर आले. आज तिथे वल्हं घेऊन गेलात, तर ते कुत्री हाकलायला उपयोगी पडेल.

माझा भाचा जयपुरात नोकरीला आहे. त्याने अलीकडे ग्रॅव्हल बाइक घेतली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र चाळीसेक मिलिमीटर रुंद, आत ट्यूब नाही आणि हवा मुद्दाम कमी. किंमत विचारली, तर "मामा, बाकी सगळं विचार" असं उत्तर आलं. एवढे पैसे देऊन डांबरी रस्त्यावर ती चालवणं कमीपणाचं मानतात. खडी, मुरूम, माती, धोंडे असं काहीतरी लागतं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात 2006 पासून अशा रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. 2022 मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धाही झाली. त्याच इटलीतल्या टस्कनी प्रांतात पांढऱ्या खडीच्या जुन्या वाटांवर डांबर पडू नये म्हणून सायकलवाल्यांनी 1997 मध्ये एक वार्षिक फेरीच सुरू केली. बिचारे. रस्ता उखडलेला राहावा म्हणून तिथे चळवळ करावी लागते. आपल्याकडे हे काम ठेकेदार विनातक्रार करतो, वर त्याचं बिलही निघतं.

या पंथाला सर्वांत प्रिय असतं ते डोंगरातलं नदीखोरं. दोन्ही अंगांना डोंगर, मधून हलक्या चढउताराची वाट, फोटो झकास. अडचण एकच. खोऱ्यात नदी असते. नदी असली की चिखल आला, पाण्यातून सायकल खांद्यावर घेणं आलं, भिजलेल्या साखळीची कुरकूर आली. जगभरच्या हौशी लोकांना ही कटकट सोसावी लागते. राजस्थानने ती मुळापासून उपटून टाकली.

बाणगंगा ही अरवलीतली नदी. उगम बैराठकडच्या डोंगरात. बैराठ म्हणजे विराटनगर, पांडवांच्या अज्ञातवासाचं गाव. नदी अर्जुनाने बाण मारून काढली, असं लोक सांगतात. काढायला एक बाण पुरला. बुजवायला मात्र अनेक खाती लागली आणि कित्येक वर्षं लागली, यावरून अर्जुनाची आणि प्रशासनाची कार्यपद्धती किती वेगळी आहे ते दिसतं. महाराजा माधोसिंह दुसरे यांनी 1897 मध्ये या नदीवर धरणाचं काम सुरू केलं, ते 1903 मध्ये पुरं झालं आणि पुढे कित्येक दशकं जयपूर हेच पाणी प्यायलं. मग वरच्या अंगाला छोटे बंधारे होत गेले. प्रत्येकाचा हेतू उत्तम, प्रत्येकापुढे नारळ फुटलेला. "पाणी अडवा, पाणी जिरवा" हा आपल्याकडचा मंत्र तिथे इतक्या मनापासून आचरला गेला की खाली धरणात यायला पाणी शिल्लकच राहिलं नाही. जे चुकून निसटत होतं, त्याच्या वाटेत फार्महाउसांच्या भिंती उभ्या राहिल्या. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. समिती नेमली गेली. समिती पाहणीला आली, अधिकारी आले, वार्ताहर आले. नदी तेवढी आली नाही.

जयपूर आता टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणाचं पाणी पितं. म्हणजे बनास नदीला शंभराहून अधिक किलोमीटर नळातून आणायचं आणि बाणगंगेत सायकल चालवायची, अशी कामाची वाटणी झाली आहे.

भाचा मला धरणावर घेऊन गेला. तो सायकलवर, मी मागून रिक्षाने, वयाचा मान. कछवाह राजांची कुलदेवता जमवाय माता इथलीच. तिला नमस्कार करून आम्ही भिंतीवर उभे राहिलो. खाली पात्रात शेळ्या. त्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला भाच्याने वाट विचारली. तो म्हणाला, "बंधे में ही उतर जाओ साब, अब किसका डर." त्याने सायकलीकडे पाहिलं, टायर दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हवा कम है." एवढी महाग सायकल घेऊन कमी हवेवर फिरणाऱ्या माणसाची त्याला मनापासून कीव आली असावी, कारण त्याने आम्हाला विडी देऊ केली.

नवशिक्यांसाठी शहरातच द्रव्यवती आहे. नाहरगढच्या डोंगरातून निघणारी ही नदी कित्येक वर्षं अमानीशाह नाला म्हणूनच ओळखली जायची. सरकारने तिला तळापासून काठापर्यंत सिमेंट केलं, कडेने सायकलचा ट्रॅक आखला, 2018 मध्ये उद्घाटन झालं. शुद्ध केलेलं सांडपाणी आत सोडलं की नदी वाहते, आणि वाहिली की वास येतो. ग्रॅव्हलवाले तिकडे फिरकत नाहीत. सिमेंट फार गुळगुळीत आहे म्हणतात.

खरं तर या मुलखात खडकाळ वाटा तुडवण्याचा पहिला मान मराठी माणसाचा. जुलै 1787 मध्ये महादजी शिंदे जयपूरवाल्यांशी तुंग्याला लढले, ते गाव इथून दूर नाही. ना डांबर, ना नकाशा, ऐन पावसाळा आणि पाठीशी पगार थकलेली फौज. तेव्हा आपण इथे खंडणी वसूल करायला यायचो. आता माझा भाचा ती सायकलच्या दुकानात दर महिन्याला हप्त्याने भरतो. इतिहासाचे हिशेब फिटतात ते असे.

पुणेकरांनी मात्र हसू नये. मुठेच्या पात्रातूनच रस्ता काढण्याची दूरदृष्टी त्यांनी फार आधी दाखवली. पण खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की तो रस्ता अजूनही पाण्याखाली जातो. कामात कच्चेपणा राहिला तो तिथे.

रामगढवरही संकटं येतात, नाही असं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे ड्रोनने कृत्रिम पाऊस पाडायचा घाट घातला गेला. कृषिमंत्री किरोडीलाल मीणा हजर, बघ्यांचा तर महापूर. ड्रोन काही ढगापर्यंत पोचलं नाही. गर्दीच्या मोबाइलांमुळे जीपीएस बिघडलं, असं कारण दिलं गेलं. पात्रात इतकी माणसं आणि पाऊस नाही, हे पाहून भाच्याच्या सायकल मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण आता बनासवरच्या ईसरदा धरणातून रामगढमध्ये पाणी आणायची योजना आहे. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर एकच हलकल्लोळ. हरकतीचा मसुदा तयार झाला: सदर पात्रात उत्कृष्ट दर्जाचा नैसर्गिक ट्रेल विकसित झालेला असून तिथे पाणी सोडल्यास स्थानिक पर्यटनाचं अपरिमित नुकसान होईल, सबब पाणी अन्यत्र वळवावं.

हा मसुदा घेऊन भाचा एका निवृत्त अभियंत्याकडे सल्ल्याला गेला. त्या गृहस्थांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"बेटा," ते म्हणाले, "इन टायरों की वारंटी कितने साल की है?"

"दो साल."

"फिर आराम से चलाओ."